सगळ्यांना पाठ झालेली सीआरपी टेस्ट आणि तिच्यामागचे ओस्वाल्ड एव्हरी
कोविडमध्ये घराघरात पोचलेल्या सीआरपी टेस्टचं मूळ न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या ओस्वाल्ड एव्हरी यांच्या लॅबमध्ये आहे.

एव्हरींचा जन्म १८७७ चा, कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा. वडील धर्मोपदेशक. एव्हरी डॉक्टर झाले, पण १९१३ पासून न्यूमोनियाच्या जंतूमागे लागले ते लागलेच. लग्नही केलं नाही.

१९३० मध्ये त्यांच्या लॅबमधल्या टिलेट आणि फ्रान्सिस यांना दिसलं, की न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात जंतूच्या 'सी' घटकाला चिकटणारं काहीतरी असतं. पेशंट बरा झाला की ते गायब! १९४१ मध्ये एव्हरी आणि मॅक्लाउड यांनी ते वेगळं काढलं. ते प्रोटीन होतं.

आज अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर डॉक्टर याच प्रोटीनवर नजर ठेवतात. ऑपरेशननंतर सीआरपी वाढतंच, पण दोन-तीन दिवसांनी उतरायला लागतं. नाही उतरलं, तर जोडलेल्या जागी गळती झाली असेल का, अशी शंका येते. ही गळती छातीत झाली तर जिवावर बेतते, म्हणून लक्षणं दिसायची वाट न बघता सीटी स्कॅन करतात. नुसत्या आकड्यावरून निदान मात्र होत नाही, न्यूमोनियातही सीआरपी वाढतंच.

१९४४ मध्ये एव्हरींनी मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांच्यासोबत आनुवंशिक गुण डीएनए वाहून नेतो याचा पुरावा दिला. एवढं करूनही नोबेल नाहीच. १९५५ मध्ये नॅशव्हिलला ते वारले.