एक रुपयाचा भत्ता आणि वि. स. पागे

संभाजीनगरच्या क्रांती चौकात बेरोजगार तरुणांचे मोर्चे जमणे ही या शहराच्या सवयीची गोष्ट आहे. 1857 च्या बंडातील सैनिकांच्या स्मृतीचा हा चौक. येथून घोषणा देत विभागीय आयुक्तांच्या कचेरीकडे जायचे आणि निवेदन देऊन परतायचे, असा क्रम ठरून गेला आहे. अशाच एका मोर्चाहून आलेल्या विद्यार्थ्याने मला वर्गात एक हिशेबी प्रश्न विचारला. कर्नाटकाने 2023 मध्ये बेकार पदवीधराला दरमहा 3000 आणि पदविकाधारकाला 1500 रुपये, तेही दोन वर्षे, देण्याची योजना काढली. राजस्थानने 2019 मध्ये बेकार पदवीधरांच्या भत्त्यात वाढ केली. महाराष्ट्राने 2024 मध्ये पदवीधराला दरमहा 10000 रुपये देऊ केले खरे, पण ते सहा महिन्यांच्या कार्यप्रशिक्षणाचे विद्यावेतन म्हणून. राज्यघटना एकच असताना बेकारीचे मोल राज्याची सीमा ओलांडताच का बदलावे?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर कोरडे आहे. घटनेच्या 41 व्या कलमात कामाचा हक्क आणि बेकारीतील साहाय्य यांचा उल्लेख आहे. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत आणि आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. साहजिकच ज्या राज्याची तिजोरी जशी आणि निवडणूक जितकी जवळ, तसा तेथील भत्ता. उरलेले अर्धे उत्तर मात्र विठ्ठल सखाराम पागे या माणसाच्या आयुष्यात सापडते.

पागे यांचा जन्म 1910 चा, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातला. कायद्याचे शिक्षण, स्वातंत्र्यलढ्यातील तुरुंगवास आणि संतवाङ्मयाचा व्यासंग या तीन गोष्टींतून त्यांची घडण झाली. 1960 मध्ये ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती झाले आणि 1978 पर्यंत त्या आसनावर राहिले. सभापतीने पक्षीय वादापासून दूर राहावे असा संकेत आहे. पागे यांनी तो पाळला, पण हाताची घडी घालून बसले नाहीत. ग्रामीण भागात ज्याला अंगमेहनत करायची आहे त्याला शासनाने काम दिलेच पाहिजे, हा विचार त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडला. 1965 मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात त्याचा प्रयोग झाला.

मग 1972 चा दुष्काळ आला. मराठवाड्यातील माझ्या पिढीने तो आजीच्या तोंडून ऐकला आहे. खडी फोडून सोललेले हात, पाझर तलावाच्या भरावावर झोळीत निजवलेली मुले, कामावर मिळणारी सुकडी. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. रोजगार हमी योजनाही 1972 चीच. दुष्काळ ओसरल्यावर दुष्काळी कामे थांबली, हमी मात्र राहिली. माझ्या मते पागे यांचे खरे कर्तृत्व हेच. त्यांनी आपत्तीतील दयेचे रूपांतर एरवीच्या हक्कात केले.

1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागणी नोंदवल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे. न दिल्यास दिवसाला किमान एक रुपया बेकारभत्ता द्यायचा. हा रुपया हास्यास्पद वाटतो. त्यात पोट भरणे तेव्हाही शक्य नव्हते. पण तो बेकाराला घातलेली भीक नव्हता, काम न देणाऱ्या शासनाला केलेला दंड होता. भत्ता द्यावा लागू नये, हाच त्या भत्त्याचा हेतू. खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला. तुम्हा-आम्हा शिक्षक-कारकुनांच्या पगारपत्रकावर दरमहा 200 रुपयांची जी वजावट दिसते, तिचा उगम तो आहे. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराची हमी घ्यावी, ही कल्पना अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून मला फारशी भेटली नाही.

योजनेत खोट नव्हती असे नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढली, तलाव कागदावरच भरले. भत्ता तर क्वचितच कोणाच्या हाती पडला. मागणीची नोंदच घेतली नाही की दंडही उद्भवत नाही. तरीही स्त्री-पुरुषांना समान दराने मजुरी देणारे आणि मोठ्या संख्येने बायकांना घराबाहेर स्वतःची कमाई देणारे दुसरे सरकारी काम त्या काळी खेड्यात नव्हते.

पागे 1990 मध्ये निवर्तले. 2005 मध्ये संसदेने त्यांचीच कल्पना देशभर नेली. त्या कायद्यात पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे निम्मा भत्ता होता. मजुरीचे दर राज्यागणिक वेगळे, म्हणून भत्ताही वेगळा. अकुशल मजुरीचा पैसा केंद्राने द्यायचा आणि भत्त्याचा राज्याने, अशी वाटणी होती. राज्याने काम काढावे म्हणून ही टाचणी होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी अर्जाची तारखेची पोच देणेच टाळले गेले. डिसेंबर 2025 मध्ये संमत झालेल्या नव्या कायद्याने कामाचे दिवस 100 वरून 125 केले, पण खर्चाचा 40 टक्के भार बहुतेक राज्यांवर टाकला. सधन आणि निर्धन राज्यांतील अंतर यामुळे वाढेल, अशी मला भीती वाटते.

हे सारे मी त्या विद्यार्थ्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. कर्नाटकाच्या 3000 रुपयांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. बी. कॉम. झालेल्या मुलाने कामाची मागणी कोणत्या कचेरीत नोंदवायची, म्हणजे पंधरा दिवस मोजायला सुरुवात करता येईल, एवढेच त्याने विचारले. सेवायोजन कार्यालयात त्याचे नाव होतेच. तेथे नाव नोंदले जाते, दिवस मोजले जात नाहीत. दुसऱ्या कोणत्याही कचेरीचे नाव मला सांगता आले नाही.