कॉम्रेड आर. बी. मोरे : चवदार तळ्यावरून मार्क्सकडे गेलेला भीमसैनिक

महाडच्या चवदार तळ्याचे नाव निघाले की आपल्यासमोर बाबासाहेबांची ओंजळ उभी राहते, आणि ते योग्यच आहे. पण बाबासाहेबांना महाडला आणण्यासाठी ज्याने काही वर्षे त्यांच्यामागे लकडा लावला, परिषदेची जुळवाजुळव केली, गावोगाव निरोप पोहोचवले, तो विशीतला तरुण आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. त्याचे नाव रामचंद्र बाबाजी मोरे. हाच तरुण तीन वर्षांनी, १९३० मध्ये, कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला आणि शेवटच्या श्वासापर्यंत तिथेच राहिला. बाबासाहेबांवरची निष्ठाही त्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

आज त्यांच्याविषयी लिहिण्याला कारण आहे. सोनपेठ तालुक्यातील आम्ही काही तरुण-तरुणींनी मार्क्सचे अर्थशास्त्र एकत्र वाचायचा गट सुरू करायचे ठरवले आहे. आमच्यापैकी काही जण पुण्याला कंपनीत आहेत, काही परभणीला शिकतात, काही गावात आहेत आणि काहींची घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. एका जागी बसणे शक्य नाही, म्हणून वाचन मोबाईलवर, ऑनलाइन होईल. ही गोष्ट विहारात सांगितली तेव्हा वडीलधाऱ्यांनी सरळ प्रश्न केला : बौद्धांच्या पोरांना मार्क्स कशाला? बाबासाहेब पुरत नाहीत का? प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. त्याचे उत्तर मोरे यांच्या आयुष्यात जितके स्वच्छ सापडते तितके दुसरीकडे सापडत नाही, असे आम्हाला वाटते.

शाळेचे दार

मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ रोजी महाडजवळच्या लाडवली गावी झाला. वाढले ते सावित्री नदीकाठच्या दासगाव परिसरात. कोकणच्या या पट्ट्यात महार पलटणीतून पेन्शनीत निघालेल्या माणसांची वस्ती होती. गोपाळ बाबा वलंगकरांसारखा फौजेतून परतलेला सुधारक याच भागातला. त्यामुळे लिहिता-वाचता येणारी, अर्ज करणारी, अन्यायाविरुद्ध सरकारदरबारी दाद मागणारी माणसे मोरे यांनी लहानपणापासून पाहिली होती.

मुलगा हुशार होता. स्कॉलरशिप मिळाली, पण महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला. अकरा-बारा वर्षांच्या या पोराने काय करावे? त्याने वृत्तपत्राला पत्र लिहिले. ते छापून आले, बोभाटा झाला आणि शाळेला दार उघडावे लागले. आत गेल्यावर बसायची जागा मात्र वेगळीच राहिली. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष बसायची जागा यांतले अंतर मोरे तिथेच शिकले.

पुढे घरच्या ओढगस्तीमुळे शिक्षण पुरे झाले नाही. मिळेल ती कामे करत ते मुंबई-महाड असे फिरत राहिले. महाडच्या बाजाराला लांबलांबून येणाऱ्या अस्पृश्यांना पाण्याचा घोट मिळायची सोय नव्हती. मोरे यांच्या पुढाकाराने तिथे अस्पृश्यांसाठी चहाचे दुकान निघाले. लोक चहा-पाण्याला टेकत, आपली गाऱ्हाणी सांगत. कुणाचा अर्ज लिहायचा, कुणाचे पत्र वाचून दाखवायचे, हे तिथेच होई. चळवळीचे कार्यालय म्हणतात ते हेच.

चाळीस रुपयांचे पाणी

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी तळ्यावर कुणाला जाता येत नव्हते. मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले की बाबासाहेबांना महाडला आणायचे. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखी साथ देणारी माणसेही होती. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी हजारोंचा जथा तळ्याकडे निघाला.

या परिषदेतली एक गोष्ट आपण सहज वाचून पुढे जातो. जमलेल्या लोकांना प्यायला पाणी हवे होते आणि तळे बंद होते. म्हणून सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. जरा थांबून विचार करा. तळे नगरपालिकेचे, पाणी पावसाचे. ते शेजारच्याला फुकट आणि आपल्याला पैसे मोजून. पाण्याला किंमत कशाने आली? ते दुर्मीळ होते म्हणून नाही, ते काढायला फार कष्ट पडले म्हणूनही नाही. जातीने वाट अडवली, म्हणून ते आपल्यासाठी बाजारातली वस्तू झाले. मार्क्सच्या भांडवल या ग्रंथाची सुरुवात वस्तूपासून होते : वस्तूला किंमत कशामुळे येते, या प्रश्नापासून. तो ग्रंथ वाचताना महाडचे हे चाळीस रुपये सोबत ठेवावेत. पुस्तकातले उत्तर कुठे पुरते आणि कुठे कमी पडते, ते त्यावर घासून पाहता येईल.

गिरणीतला धोटा

महाडनंतर मोरे मुंबईच्या कामगार वस्तीत अधिक रमले. एप्रिल १९२८ मध्ये गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर होते. त्याच वर्षी लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली.

पण गिरणीच्या आतही एक चवदार तळे होते. कापड विणणाऱ्या खात्यात पगार चांगला आणि त्या खात्यात अस्पृश्याला प्रवेश नाही. कारण असे की, बॉबिन बदलली की धोट्याच्या भोकातून सूत ओठाने ओढून घ्यावे लागे. महाराच्या ओठाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या सूतखात्यात अडकलेली. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की सर्व खाती खुली करण्याची मागणी यादीत घ्या, नाहीतर आमचे कामगार संपात राहणार नाहीत. पुढाऱ्यांनी कुरकुरत ती मागणी घेतली. मालकांनी हात झटकले : हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही.

मार्क्स सांगतो की कामगाराजवळ विकायला आपली श्रमशक्ती एवढी एकच वस्तू असते आणि बाजारात तो ती मोकळेपणाने विकतो. मोकळेपणा अशासाठी की त्याला दुसरा पर्यायच नसतो. मुंबईच्या महार कामगाराला तेवढीही मोकळीक नव्हती. श्रम विकायला तो तयार होता, मालकाला घेण्यात अडचण नव्हती, तरी मधला दरवाजा सोबतच्या कामगारानेच बंद केलेला. मोरे यांनी हे जवळून पाहिले. शोषण कसे चालते हे मार्क्सकडून शिकायचे आणि कामगारांची एकजूट नेमकी कुठे फुटते हे बाबासाहेबांकडून, अशी दुहेरी शाळा त्यांना या वर्षांत मिळाली.

दोन्ही घरांचा माणूस

२० मार्च १९२९ रोजी, महाडच्या सत्याग्रहाला बरोबर दोन वर्षे झाली त्या दिवशी, सरकारने मीरत कटाच्या खटल्यात देशभरातल्या कामगार पुढाऱ्यांना पकडले. मुंबईची युनियन जवळजवळ पोरकी झाली. बडे पुढारी तुरुंगात असण्याच्या या काळातच मोरे पक्षात गेले. सत्तेच्या वाटेने जायचे असते तर ही वेळ कुणी निवडली नसती.

बाबासाहेबांचे कम्युनिस्टांशी पटत नव्हते, हे आपण जाणतो. मोरे यांच्यावर दोन्हीकडून संशय घेणारे कमी नसतील. तरी त्यांचा बाबासाहेबांशी संबंध तुटला नाही. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू दाखवून दिले. त्याच वर्षाच्या जानेवारीत खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलावर गेला आणि ७ नोव्हेंबरला काळ्या कामगार कायद्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. या लढ्यांत निळा आणि लाल झेंडा शेजारी होते. मोरे यांना जे हवे होते ते थोडा काळ का होईना, रस्त्यावर दिसले.

माटुंगा लेबर कॅम्पमध्ये ज्या कार्यकर्त्यांच्या सहवासात अण्णा भाऊ साठे चळवळीत आले, त्यांत मोरे यांचेही नाव घेतले जाते. अण्णा भाऊंची शाळा जेमतेम दीड दिवसाची. पुढे त्याच माणसाने स्टालिनग्राडवर पोवाडा लिहिला. मार्क्स हा पदवीधरांनीच वाचायचा विषय आहे, असे कुणी म्हटले की आम्ही या कॅम्पाकडे बोट दाखवतो. तिथे जगाचे राजकारण आणि अर्थकारण झोपड्यांपर्यंत पोहोचले होते, ते बोलून, ऐकून, गाऊन.

पक्षाला सुनावणारा

मोरे यांची खरी कसोटी पक्षाच्या आत लागली. वर्ग संपला की जात आपोआप संपेल, अशी समजूत तिथे घट्ट होती. १९५३ मध्ये त्यांनी अस्पृश्यता आणि जातिव्यवस्थेच्या प्रश्नावर पक्षाला टिपण सादर केले. अस्पृश्यतेविरुद्धचा लढा पक्षाने स्वतःचा मानून लढावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्या काळातही त्यांनी हा विषय पुन्हा पुन्हा मांडला. लगेच ऐकले गेले असे नाही. ते चिडून बाहेर पडले नाहीत आणि गप्पही बसले नाहीत.

१९५६ च्या नोव्हेंबरमध्ये, महापरिनिर्वाणाच्या थोडे आधी, बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले. याच विषयावरच्या त्यांच्या निबंधात मार्क्सचे पुष्कळसे म्हणणे काळाने खोडले असे सांगून त्यांनी उरलेल्या चार गोष्टी बाजूला काढल्या आहेत. जग बदलणे हे तत्त्वज्ञानाचे काम आहे, वर्गावर्गांत हितसंबंधांचा झगडा आहे, खाजगी मालकीमुळे एकाला सत्ता आणि दुसऱ्याला दुःख मिळते, आणि हे दुःख संपवायचे तर ती मालकी संपवली पाहिजे. हिंसा आणि हुकूमशाही त्यांनी नाकारली, प्रश्न नाकारला नाही. भिक्खूजवळ तीन चीवरे, भिक्षापात्र, सुई अशा मोजक्या आठ वस्तूंपलीकडे काही नसावे, हा संघाचा नियम त्यांनी त्याच ओघात दाखवला. मार्क्स न वाचता हा निबंध नीट समजतो, असे आम्हाला वाटत नाही.

१९६४ च्या फुटीनंतर मोरे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात राहिले आणि १९६५ मध्ये जीवनमार्ग हे साप्ताहिक त्यांनी सुरू केले. ११ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. आत्मकथन अपुरे राहिले. पुढचे आयुष्य त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी लिहून काढले आणि २००३ मध्ये ते मराठीत पुस्तकरूपाने आले. इंग्रजी अनुवाद २०१९ मध्ये निघाला.

आमच्या फडातला मार्क्स

आता आमच्या तालुक्याकडे पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. हंगामाआधी मुकादम उचल देतो आणि टनामागे मजुरी त्यातून फिटत राहते. हंगाम संपला तरी उचल पुष्कळदा फिटत नाही. बाईच्या कष्टाचा वेगळा हिशेबच नाही. मार्क्सने भांडवलच्या पहिल्या खंडात, १८६७ मध्ये, नगावर मजुरी देण्याच्या पद्धतीवर एक प्रकरण लिहिले आहे. अशा मजुरीत मालक आणि मजूर यांच्यामध्ये मध्यस्थ कसा शिरतो आणि मजूर स्वतःहून जास्त तास का राबतो, हे त्यात आहे. ते वाचताना मुकादमाचा चेहरा दिसल्याशिवाय राहत नाही. आणि ज्या जातींच्या हातात कोयता आहे त्याच का, हा प्रश्न त्या प्रकरणात नाही. तो आपण विचारायचा आहे. मोरे यांनी आयुष्यभर तेच केले.

म्हणून गटाची रीत अशी ठरली आहे. आधी मजुरी, किंमत आणि नफा हे छोटे पुस्तक, मग भांडवलचा पहिला खंड मराठीतून, सावकाश. दर रविवारी रात्री नऊला. एक जण मोठ्याने वाचेल, कारण फडावर असलेल्याला ऐकता आले पाहिजे. नेट गेले तर वाचनाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला जाईल. प्रत्येक वाचनानंतर एक हिशेब मांडायचा : उचलीचा, बचत गटाच्या हप्त्याचा, कंपनीतल्या ठेकेदारी पगाराचा. बुद्ध आणि मार्क्स यांच्यावरचा बाबासाहेबांचा निबंध सुरुवातीला वाचू आणि खंड संपल्यावर पुन्हा वाचू. मतभेद झाले तर तेही टिपून ठेवू. कुणालाही पक्षाचा फॉर्म भरायचा नाही.

विहारातल्या वडीलधाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच : बाबासाहेब पुरतात. पण त्यांनी जे वाचून, पारखून आपल्यापुढे ठेवले, ते आपणही वाचावे, पारखावे, ही त्यांचीच शिकवण आहे. मोरे यांनी मार्क्स हातात घेतला म्हणून चवदार तळ्याचे पाणी त्यांच्या ओंजळीतून सांडले नाही. परभणी, बीड, लातूरकडच्या ज्या मित्र-मैत्रिणींना आमच्यासोबत वाचायचे आहे, त्यांनी जरूर यावे. नाहीतर आपल्या वस्तीत चार जण जमवून स्वतःचा गट काढावा. तो अधिक चांगला.

जय भीम!