माळ्याचा मुलगा : हॅरी व्हार्डन

गोल्फ हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल तो तारेच्या कुंपणाबाहेरून. हिरवळीवरून संथपणे चालणारे साहेबलोक आणि त्यांच्यामागून काठ्यांची पिशवी खांद्याला लावून जाणारी पोरे, एवढेच चित्र प्रस्तुत लेखकाच्याही डोळ्यांपुढे अनेक वर्षे होते. अशा पिशवी वाहणाऱ्या पोरांपैकीच एक पुढे या खेळाचा अनभिषिक्त सम्राट झाला, हे वाचनात आले आणि कुतूहल चाळवले. त्याचे नाव हॅरी व्हार्डन.

फ्रान्सच्या किनाऱ्यालगत जर्सी नावाचे लहानसे ब्रिटिश बेट आहे. तेथील ग्रूव्हिल या गावी ९ मे १८७० रोजी हॅरीचा जन्म झाला. वडील माळीकाम करीत, आई फ्रेंच. घरात खाणारी तोंडे पुष्कळ. हॅरी सातआठ वर्षांचा असताना काही इंग्रज गृहस्थांनी गावच्या माळावर गोल्फचे मैदान आखले आणि गावातली पोरे चार पैशांसाठी त्यांच्या पिशव्या वाहू लागली. पाहता पाहता खेळ त्यांच्या अंगात भिनला. ओकच्या लाकडाचा ठोकळा, त्याला काटेरी झुडपाची दांडी आणि चेंडूच्या जागी गोटी, असा त्यांचा सरंजाम होता. आपल्याकडे धुपाटण्याने क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना हे वेगळे सांगायला नको. शाळा लवकरच सुटली. हॅरी लोकांच्या बागांत राबू लागला. खेळायला सवड मिळे ती सुट्टीच्या दिवशीच.

धाकटा भाऊ टॉम आधी इंग्लंडला गेला आणि एका स्पर्धेत त्याने रोख बक्षीस मिळवले. ते ऐकून, धाकट्याला जे जमले ते आपल्याला का जमू नये, असे हॅरीच्या मनाने घेतले. १८९० साली, विसाव्या वर्षी, यॉर्कशायरमधील रिपन येथे मैदानाची देखभाल करणारा नोकर म्हणून तो रुजू झाला. त्या काळी पोटासाठी खेळणाऱ्याची पायरी ठरलेली असे. त्याने मैदान राखावे, काठ्या दुरुस्त कराव्यात, धनिकांना शिकवावे. क्लबच्या इमारतीत मात्र पुढल्या दाराने पाऊल टाकू नये. हौशी खेळाडूच्या नावामागे सन्मानदर्शक ‘मिस्टर’ लागे. व्यावसायिकाच्या नावामागे काही नसे. व्हार्डनची सारी कारकीर्द याच चौकटीत घडली, हे विसरता कामा नये.

१८९६ साली म्युरफील्ड येथील ओपन स्पर्धेत त्याने जे. एच. टेलरशी बरोबरी साधली. टेलर हा लागोपाठ दोन वर्षांचा विजेता. तरीही फेरलढतीत व्हार्डनने त्याला चार फटक्यांनी मागे टाकले. १८९८ आणि १८९९ ही वर्षेही त्याचीच. १९०० साली तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला आणि शिकागोजवळ झालेली तेथील राष्ट्रीय स्पर्धाही जिंकून आला. त्याच्या फटक्यात जोरकसपणाचा आव नसे. चेंडू उंच जाई आणि हलकेच, नेमक्या जागी उतरे. दुपारच्या फेरीत त्याचा चेंडू सकाळी स्वतःच उकरलेल्या खळग्यांत पडत असे, अशी दंतकथाच झाली होती. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनीवर चढवून काठी धरण्याची पद्धत त्याच्या नावाने ओळखली जाते. ती त्याने शोधली नव्हे, त्याच्या आधी इतरही तशी धरीत, पण जगाने ती उचलली ती त्याचे पाहून.

१९०३ साली प्रेस्टविक येथे त्याने चौथ्यांदा ओपन जिंकली. दुसरा आला तो सख्खा भाऊ टॉम. पण त्या विजयाच्या वेळी हॅरीची प्रकृती पार ढासळली होती. क्षयाचे निदान झाले आणि त्याला नॉरफोकमधील आरोग्यधामात राहावे लागले. क्षयावर औषध नसलेला तो काळ. तो वाचला, मात्र पुढे एक विचित्र व्यंग मागे लागले. दूरचा फटका बिनचूक मारणारा हा माणूस होलपासून दोन हातांवर आला की ऐन क्षणी त्याचा उजवा हात थरके आणि चेंडू बाजूने निघून जाई. अशा हातानिशी त्याने १९११ साली पाचवी ओपन जिंकली, हे मला त्याच्या आधीच्या सर्व विजयांहून थोर वाटते.

१९१३ साली बोस्टनजवळील ब्रुकलाइन येथे त्याला आणि टेड रे याला फ्रान्सिस विमेट या वीस वर्षांच्या अमेरिकन हौशी तरुणाने फेरलढतीत हरवले. हा विमेटही एकेकाळचा कॅडी, मैदानासमोरच्याच घरात वाढलेला.

पुढच्या वर्षी प्रेस्टविकला व्हार्डन, टेलर आणि जेम्स ब्रेड हे तिघे प्रत्येकी पाच ओपन विजय गाठीशी घेऊन उतरले. अखेरच्या फेरीपूर्वी टेलर दोन फटक्यांनी पुढे होता. त्या फेरीत टेलरला ८३ फटके लागले आणि व्हार्डनला ७८. अशा रीतीने वयाच्या ४४ व्या वर्षी सहावा विजय त्याच्या पदरी पडला. तो विक्रम आजतागायत कोणी मोडलेला नाही. त्यानंतर महायुद्ध पेटले आणि पाच वर्षे ओपन झालीच नाही.

१९२० साली, वयाची पन्नाशी गाठलेली असता, तो पुन्हा अमेरिकेत टोलेडो शहरातील इन्व्हर्नेस क्लबवर उतरला. शेवटचे थोडे होल राहिले असताना तोच आघाडीवर होता. इतक्यात सरोवरावरून जोराचा वारा सुटला. थकलेल्या शरीराला तो पेलवेना. एकामागून एक फटके वाया गेले आणि अवघ्या एका फटक्याने अजिंक्यपद टेड रेकडे गेले. त्या स्पर्धेत एक गोष्ट मात्र घडली. इन्व्हर्नेस क्लबने आपल्या इमारतीची दारे व्यावसायिक खेळाडूंना मोकळी केली. कृतज्ञता म्हणून त्या सर्वांनी वर्गणी काढून क्लबला एक उंच, टोले देणारे घड्याळ भेट दिले.

व्हार्डन लंडनच्या उत्तरेला टॉटरिज येथे राहून साउथ हर्ट्स क्लबवर अखेरपर्यंत नोकरीत होता. २० मार्च १९३७ रोजी तेथेच त्याचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने त्याच्या नावाने एक करंडक सुरू केला.