जेम्स वॉटची लाडकी दांडी

जेम्स वॉट म्हटलं की आपल्याला किटली आठवते. ती जरा बाजूला ठेवू. १७३६ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रीनॉकमध्ये जन्मलेला हा पठ्ठ्या ग्लासगो विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करायचा. तिथेच न्यूकॉमेनच्या इंजिनाचं मॉडेल हाती आलं. १७६९ मध्ये वेगळ्या कंडेन्सरचं पेटंट आणि पुढे बोल्टनशी भागीदारी.

खरी पंचाईत नंतर झाली. नव्या इंजिनाचा पिस्टन तुळईला ओढणार आणि ढकलणारही. साखळीने ढकलता येत नाही. थेट दांडा जोडावा, तर तुळईचं टोक कमानीत फिरतं आणि पिस्टनला हवी सरळ रेषा. वॉटने समोरासमोर दोन लांब दांड्या घेतल्या, त्यांची टोकं एका आखूड दांडीने जोडली. एक डावीकडे खेचते, दुसरी उजवीकडे. मधला बिंदू जवळजवळ सरळ वर-खाली जातो. पेटंट १७८४ चं. म्हातारपणी त्याला स्वतःच्या इतर कुठल्याही शोधापेक्षा याचाच अभिमान जास्त होता! १८१९ मध्ये तो गेला, मोटारगाडी यायच्या कितीतरी आधी.

गाडीचा मागचा सलग ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून स्वस्त उपाय पॅनहार्ड रॉड. एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला, काम झालं. पण खड्ड्यात ॲक्सल वर-खाली झाला की कमानीत फिरून थोडा बाजूला जातोच. वॉटच्या जोडात हे जवळपास होत नाही. सांधे, वजन, खर्च मात्र वाढतात. साध्या बिल्डला पॅनहार्ड पुरतो, असं माझं मत. चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनच्या मागच्या ॲक्सलला मात्र वॉटचाच जोड आहे.