एडगर कॉड : नियम उघड्यावर मांडणारा गणितज्ञ

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

चरित्र लिहायचे ते राजांचे, संतांचे किंवा देशभक्तांचे, अशी आपली साधारण समजूत असते. मी मात्र या अंकासाठी एका गणितज्ञाचे चरित्र निवडले आहे. एडगर फ्रँक कॉड हे त्यांचे नाव. कला शाखेच्या मुलीचा आणि त्यांचा संबंध काय, असे माझ्या मैत्रिणींनीही विचारले. म्हणून तो संबंध आधी सांगते.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत एका कार्यालयात संगणकावर अर्ज भरण्याचे काम मला रोजंदारीवर मिळाले होते. एके दिवशी खिडकीशी एक बाई आल्या. नवऱ्याने टाकल्याला बरीच वर्षे झालेली. अर्जात नाव, मधले नाव आणि आडनाव असे तीन रकाने होते. मधल्या रकान्यात त्या माणसाचे नाव लावायला बाई तयार नव्हत्या, आणि वडिलांचे नाव लावलेला एकही कागद त्यांच्यापाशी नव्हता. मी तो रकाना रिकामा सोडला. नोंद होईना. नोंद जतन झाली नाही, एवढेच यंत्र सांगे; का झाली नाही, ते सांगत नसे. तीनदा भरून पाहिले. शेवटी मी त्यांना उद्या यायला सांगितले. त्या एस.टी.ने दोन तासांचा प्रवास करून आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या टेबलावरच्या अनुभवी गृहस्थांनी त्या रकान्यात नुसते एक टिंब टाकले आणि नोंद झाली. पावतीवर बाईंचे नाव आणि आडनाव यांच्यामध्ये ते टिंब छापून आले. त्यांनी ते पाहिले, पण विचारले काही नाही.

आमच्या आळीतला एक दादा संगणकशास्त्र शिकून नोकरीला लागला आहे. त्याला मी हे सांगितले. तो म्हणाला की मधला रकाना रिकामा ठेवायचा नाही, असे बंधन तक्ता तयार करतानाच कोणीतरी घातलेले असणार, आणि ते गुप्त नसते. तक्त्यातली माहिती जशी विचारता येते तसे तक्त्यावरचे नियमही विचारता येतात. ही सोय असलीच पाहिजे असा आग्रह ज्यांनी धरला, ते कॉड. त्या दिवसापासून मी मिळेल तिथून त्यांच्याविषयी वाचीत गेले.

कॉड यांचा जन्म ऑगस्ट १९२३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या पोर्टलंड बेटावर झाला. वडील कातड्याच्या धंद्यात, आई शाळेत शिक्षिका. सात भावंडांत हे धाकटे. ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात गणित आणि रसायनशास्त्र शिकत असताना दुसरे महायुद्ध चालू होते. शिक्षणासाठी त्यांना सैन्यातून सवलत मिळू शकत होती. ती न घेता ते विमानदलात वैमानिक झाले आणि समुद्रावर गस्त घालणारी सन्डरलंड जातीची मोठी विमाने त्यांनी चालविली. युद्ध संपल्यावर पदवी पुरी केली आणि १९४८ साली ते अमेरिकेस गेले. तेथे आय.बी.एम. कंपनीत गणिती प्रोग्रॅमर म्हणून त्यांना काम मिळाले.

पुढची काही वर्षे अस्थिर गेली. सिनेटर मॅकार्थी यांनी त्या काळी अमेरिकेत संशयाचे जे वातावरण माजविले होते ते कॉड यांना सहन झाले नाही, आणि १९५३ मध्ये ते देश सोडून कॅनडात ओटावा येथे राहिले. १९५७ मध्ये परत आले. मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी १९६५ साली मिळविली. तेव्हा त्यांचे वय बेचाळीसच्या घरात होते. वय उलटले की शिक्षण संपले, असे आमच्याकडे मानतात, म्हणून हा आकडा मला मुद्दाम लिहावासा वाटतो. प्रबंधाचा विषय होता स्वतःसारखेच दुसरे यंत्र निर्माण करू शकणाऱ्या काल्पनिक यंत्राचा. फॉन नॉयमन यांनी अशा यंत्राच्या प्रत्येक घराला एकोणतीस अवस्था दिल्या होत्या. कॉड यांनी ते काम आठ अवस्थांत करून दाखविले.

पुढे ते कॅलिफोर्नियात सॅन होजे येथील आय.बी.एम.च्या संशोधनशाळेत गेले. येथून त्यांच्या आयुष्याचे खरे प्रकरण सुरू होते.

त्या काळी संगणकात माहिती ठेवीत ती झाडाच्या फांद्यांसारखी किंवा जाळ्यासारखी. कोणती नोंद कोणत्या नोंदीला जोडली आहे, कोणत्या वाटेने गेले म्हणजे ती सापडेल, हे सारे प्रोग्रॅम लिहिणाराच जाणे. जुन्या दप्तरखान्यात एखादा कारकून असतो. कोणते बाड कोणत्या फडताळात आहे ते त्यालाच ठाऊक, आणि तो रजेवर गेला की दप्तर मुके. तसाच हा प्रकार. शिवाय मांडणीत थोडा बदल केला की जुने प्रोग्रॅम बंद पडत.

कॉड यांनी १९६९ मध्ये कंपनीच्या अंतर्गत अहवालात, आणि मग जून १९७० मध्ये कम्युनिकेशन्स ऑफ द ए.सी.एम. या नियतकालिकातील निबंधात, वेगळीच कल्पना मांडली. सगळी माहिती साध्या तक्त्यांत असावी. ओळी आणि रकाने, एवढेच. एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध लावायचा तो रकान्यातल्या मूल्यांवरून. विचारणाऱ्याने काय हवे ते सांगावे, ते कोणत्या वाटेने आणायचे ते यंत्राने पाहावे. आज हे इतके सरळ वाटते की यात शोध तो काय, असे मलाही वाटले होते. पण त्यामागे संच आणि तर्क यांचे गणित होते आणि ते पुष्कळांच्या गळी उतरले नाही.

त्यांच्या स्वतःच्या कंपनीलाही घाई नव्हती. जुन्या पद्धतीची आय.एम.एस. ही प्रणाली तिचा चांगला धंदा करून देत होती. मग सिस्टिम आर हा प्रयोग झाला. त्यात चेंबरलिन आणि बॉइस यांनी प्रश्न विचारण्याची जी भाषा बनविली तिचीच पुढे एसक्यूएल झाली. कॉड यांची स्वतःची अल्फा नावाची भाषा मागे पडली. १९८१ साली त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता मूळ मुद्दा. तक्त्यांची पद्धत लोकप्रिय होताच बाजारात जो तो आपल्या जुन्या मालावर रिलेशनल असा शिक्का मारू लागला. कॉड यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये कॉम्प्युटरवर्ल्ड या साप्ताहिकात दोन लेख लिहून त्यांची परीक्षाच मांडली. ते बारा नियम म्हणून ओळखले जातात. शून्यापासून मोजल्यामुळे भरतात तेरा. त्यांतला चौथा म्हणतो की तक्त्यांचे वर्णनसुद्धा तक्त्यांतच ठेवावे, आणि ज्या भाषेत माहिती विचारतो त्याच भाषेत अधिकृत माणसाला ते वर्णनही विचारता यावे. दहावा म्हणतो की माहितीवरची बंधने कोणा प्रोग्रॅममध्ये पुरून ठेवू नयेत, ती याच वर्णनाच्या सूचीत नोंदवावीत.

पुढे १९९२ च्या एसक्यूएल प्रमाणकात या कल्पनेला इन्फर्मेशन स्कीमा असे रूप आले. हे काही दर्शनी तक्ते असतात. यांत आपण काही लिहीत नाही, फक्त वाचतो. त्यांतल्या कॉलम्स नावाच्या तक्त्यात प्रत्येक रकान्यासाठी एक ओळ असते. त्याचे नाव काय, त्यात अक्षरे बसतात की आकडे, अक्षरे जास्तीत जास्त किती, काही न लिहिल्यास आपोआप काय भरले जाते, आणि तो रिकामा चालतो की नाही : सारे त्या ओळीत. दुसऱ्या तक्त्यात बंधनांची नावे आणि प्रकार असतात. मूल्य पुन्हा येऊ नये, दुसऱ्या तक्त्यात असलेलेच मूल्य यावे, वगैरे. ते बंधन कोणत्या रकान्यावर आहे ते तिसऱ्यात, आणि वय अठराहून कमी नसावे अशा अटीचा मजकूर चौथ्यात. तेव्हा एका रकान्याची पुरी कुंडली पाहायची तर दोन-तीन तक्ते जोडावे लागतात. ऑरॅकलवाल्यांनी आपली वेगळीच नावे ठेवली आहेत. तेथे बंधनाचा प्रकार एका अक्षरात लिहितात, आणि रिकामे न चालण्याचे बंधनही अटींच्याच अक्षराखाली येते.

सूचीत नियम दिसण्याचे महत्त्व मला आणखी एका गोष्टीवरून कळले. मायएसक्यूएल ही सर्वत्र वापरली जाणारी प्रणाली अशी अट लिहून घेत असे, तक्रार करीत नसे आणि मुकाट्याने विसरून जात असे. २०१९ मधल्या ८.०.१६ या आवृत्तीपासून ती अट खरोखर पाळू लागली, आणि त्याच वेळी तिच्या इन्फर्मेशन स्कीमात अटींचा तक्ताही आला. त्याआधी अट घातली म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाने सूची पाहिली असती तर ती तेथे नाही हे त्याला दिसले असते.

चौथ्या नियमातला अधिकृत हा शब्द मात्र मला टोचतो. खिडकीबाहेरच्या बाई अधिकृत नव्हत्या. आत बसलेली मीही नव्हते. मला फक्त भरण्याचा अधिकार होता, विचारण्याचा नव्हता. हा दोष कॉड यांचा म्हणता येणार नाही, कारण कोणाला काय दाखवायचे ते कार्यालय ठरविते. उलट त्यांचा तिसरा नियम त्या बाईंच्या बाजूचा आहे. माहिती नसणे ही गोष्टसुद्धा नीट नोंदवता आली पाहिजे, आणि तिची गल्लत कोऱ्या जागेशी किंवा शून्याशी होता कामा नये, असे तो सांगतो. पुढे तर त्यांनी यात दोन भेद केले : माहिती असू शकते पण आपल्याला ठाऊक नाही, हा एक, आणि ती बाब त्या माणसाला लागूच पडत नाही, हा दुसरा. त्यांचे सहकारी ख्रिस डेट यांनाही ही नसलेपणाची व्यवस्था पटली नाही, आणि हिशेब अवघड होतो हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण लागूच पडत नाही, यासाठी वेगळी खूण असावी असे मनात येणाऱ्या माणसाविषयी मला आदर वाटतो. टिंब ही खूण नव्हे. टिंब म्हणजे खोटी नोंद.

आय.बी.एम. त्यांनी १९८४ मध्ये सोडली. १९९३ मधल्या एका निबंधाने त्यांच्या नावाला थोडा बट्टा लागला, कारण ज्या कंपनीच्या मालाला तो अनुकूल होता तिनेच त्यासाठी पैसे दिले होते. दुसऱ्यांच्या शिक्क्यांची परीक्षा घेणाऱ्याने असे करायला नको होते. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडातील राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

हा लेख लिहिताना दादाने कॉलेजच्या संगणक-कक्षात मला त्या अर्जासारखाच एक तक्ता करून दिला, आणि कॉलम्स या दर्शनी तक्त्याला प्रश्न कसा विचारायचा ते शिकविले. मी टाइप केले. तीन ओळी आल्या. दुसरी ओळ होती : मधले नाव, अक्षरे कमाल पन्नास, रिकामे चालेल काय, नाही. दादाने एक आज्ञा देऊन ते बंधन काढले. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला; नाहीच्या जागी होय आले होते. मग मी त्या बाईंचे नाव आणि आडनाव भरले, आणि मधला रकाना तसाच सोडला.