पोथ्यांना बोलते करणारा प्राध्यापक

पुण्यात येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजची जुनी दगडी इमारत आजही उभी आहे. या महाविद्यालयाचे मूळ १८२१ साली विश्रामबाग वाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेत सापडते. एके काळी मुंबई सरकारने जमविलेला हस्तलिखित पोथ्यांचा फार मोठा संग्रह येथेच होता. ज्यांच्या श्रमांनी तो वाढला आणि बोलका झाला, त्यांत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे नाव अग्रभागी आहे. संस्कृतची पहिली दोन पुस्तके लिहिणारे भांडारकर आपणा सर्वांस ठाऊक असतात. पोथ्यांमागे हिंडणारे भांडारकर मात्र फारसे कोणास माहीत नसतात.

६ जुलै १८३७ रोजी मालवणास त्यांचा जन्म झाला. वडील सरकारी कारकून. त्यांची बदली रत्नागिरीस झाली, म्हणून मुलाला इंग्रजी शाळा मिळाली. पुढे १८५३ साली ते मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत आले आणि १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानडे यांच्याबरोबर तेही होते. संस्कृतकडे ते काहीसे उशिरा वळले. इंग्रजी विद्या पदरात पडल्यावर शास्त्र्यांपुढे बसून त्यांनी जुन्या पद्धतीने व्याकरण शिकून घेतले.

एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम त्यांनी काही वर्षे हंगामी म्हणून केले. जागा कायमची भरण्याची वेळ आली, तेव्हा १८७३ मध्ये पीटर पीटरसन यांना विलायतेहून आणण्यात आले आणि भांडारकरांना त्यांच्या हाताखाली राहावे लागले. हा अन्याय होता, असे मला स्पष्ट वाटते. पण त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. १८८२ साली डेक्कन कॉलेजात ते संस्कृतचे प्राध्यापक झाले. पुढे पोथ्यांच्या शोधाचे सरकारी काम पीटरसन आणि भांडारकर या दोघांनीही केले.

हे काम १८६६ साली सुरू झाले होते. ब्यूलर व कीलहॉर्न हे जर्मन पंडित त्यात आधीपासून होते. ब्यूलर तर १८७५ साली काश्मीरपर्यंत जाऊन भूर्जपत्रावरील पोथ्या घेऊन आले. शास्त्र्यांच्या घरी, मठांत, जैन भांडारांत रुमालात बांधलेल्या पोथ्या वाळवी आणि दमटपणा यांच्या तोंडी पडत होत्या. त्या मिळवायच्या, विकत न मिळाल्यास नकलून घ्यायच्या, त्यांची यादी करायची आणि प्रत्येकीत काय आहे हे अहवालात नोंदवायचे, असे ते काम होते. गुजरातेतील पाटणची प्रसिद्ध जैन भांडारे भांडारकरांनी स्वतः जाऊन पाहिली. पोथीच्या शेवटी लेखकाने घातलेला शक किंवा संवत, राजाचे नाव, गुरुपरंपरा यांतून ते इतिहासाचे धागे जुळवीत. १८८४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा दक्षिणेचा प्राचीन इतिहास पोथ्या, शिलालेख व ताम्रपट यांच्या अशाच पुराव्यावर उभा आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. घरी देव्हाऱ्यात तांबड्या फडक्यात बांधलेली एक पोथी आहे. तिला हळदकुंकू वाहतात, पण ती सोडून कोणी वाचल्याचे मला आठवत नाही. म्हणून भांडारकरांचा मोठेपणा मला पोथ्या जमविण्यापेक्षा त्या उघडण्यात दिसतो. पोथी पूज्य म्हणून ती प्रश्नापलीकडची, असे त्यांनी मानले नाही. नक्कल करणाऱ्याच्या हातून चूक होते, म्हणून चार प्रती समोर ठेवून पाठ तपासावा, हा त्यांचा मार्ग.

हीच कसोटी त्यांनी जीवनातही लावली. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. बालविवाहाला शास्त्राचा आधार आहे असे सांगणाऱ्यांना त्यांनी शास्त्रग्रंथांतीलच वचनांनी उत्तर दिले. त्याच वर्षी आपल्या विधवा मुलीचा त्यांनी पुनर्विवाह करून दिला आणि लोकनिंदा सोसली. ग्रंथात सापडलेले सत्य स्वतःच्या उंबरठ्याच्या आत आणणे किती विद्वानांना जमते?

१८९३ साली ते निवृत्त झाले आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशिव्या वाढदिवशी, पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी या संस्थेस दिला. १ एप्रिल १९१८ रोजी डेक्कन कॉलेजातील सतरा हजारांवर सरकारी पोथ्याही तेथे आल्या. पुढील वर्षी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा प्रारंभ त्यांच्याच हस्ते झाला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी ते वारले. बाराशेंहून अधिक हस्तलिखितांची तुलना करून ती आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. २००७ साली या संस्थेतील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोने जागतिक ठेवा म्हणून नोंद केली.

ज्या पोथ्यांना हात लावण्याचा अधिकार एके काळी आमच्यासारख्यांना, आणि मुलींना तर मुळीच, नव्हता, त्या आज कोणाही अभ्यासकासाठी ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवल्या जातात. हे एकट्या भांडारकरांचे कार्य नव्हे. पण पोथी देव्हाऱ्यातून टेबलावर आणणाऱ्यांत ते आघाडीवर होते. आपल्याही गावी कोणाच्या माळ्यावर असे एखादे बासन असेल, तर ते नदीत सोडण्यापूर्वी एकदा उघडून पाहावे आणि जाणत्याला दाखवावे. त्यांचे स्मरण याहून चांगले कसे करणार?