आनंदीबाई जोशी

डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी (३१ मार्च १८६५ – २६ फेब्रुवारी १८८७) या पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या स्त्री होत. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या माता झाल्या. ते मूल अवघे दहा दिवस जगले. पुढील वैद्यकीय शिक्षणाच्या निर्धारामागे हा आघात होता, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

बालपण व विवाह

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील गणपतराव यांचा त्यांच्यावर लोभ होता. आई गंगाबाई मात्र कठोर होत्या. आईकडून माया मिळाली नाही, मार मिळाला, असा उल्लेख आनंदीबाईंच्या नंतरच्या पत्रांत आढळतो. १८७४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोपाळराव बिजवर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीने शिकावे हा त्यांचा ध्यास होता. परंतु त्यापायी ते तिला मारहाणही करीत.

अल्पवयीन मातृत्व

ऋतुप्राप्तीनंतर लगेच संसार सुरू होण्याची रूढी असल्याने चौदा-पंधराव्या वर्षी बाळंतपण येणे त्या काळी नवलाचे नव्हते. प्रसूती सुईणीच्या हाती होई. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणे स्त्रियांना संकोचाचे वाटे आणि स्त्री डॉक्टर उपलब्ध नसत. दहा दिवस सोयर पाळले जाई, बाराव्या दिवशी बारसे होई. स्वतःच बालवयात असलेल्या मातेला अर्भकाची निगा ठाऊक नसे. तिचे शरीरही पुरते वाढलेले नसे. अशा मातांची मुले दगावण्याचे प्रमाण मोठे होते. आनंदीबाईंचा मुलगाही दहा दिवसांत गेला. वेळीच योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, अशी त्यांची धारणा झाली.

वैद्यकीय शिक्षण

१८८० मध्ये गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासंबंधी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना लिहिलेले पत्र एका मिशनरी नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. आईकडून न लाभलेला जिव्हाळा त्यांना या नात्यात मिळाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयात भाषण करून त्यांनी भारतात स्त्री डॉक्टरांची निकड मांडली. एप्रिलमध्ये त्या पतीविना अमेरिकेस निघाल्या आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. प्रबंधासाठी त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

अखेर

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाचे प्रमुखपद त्यांना देऊ केले. तथापि क्षयाने खंगलेल्या अवस्थेतच त्या मायदेशी परतल्या. ते पद त्यांना सांभाळता आले नाही आणि पुण्यात वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी मावशींकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.

वारसा

कॅरोलाइन डॉल यांनी इंग्रजीत व काशीबाई कानिटकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी त्यांच्याच जीवनावर आधारित आहे. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८९१ मध्ये, संमतिवयाच्या कायद्याने मुलींसाठीची मर्यादा दहावरून बारा वर्षे केली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवले. आनंदीबाई त्याच वयात एका अर्भकाला जन्म देऊन त्याला गमावून बसल्या होत्या.